थोरलं का ल्हान

न्हाय रं शिवयोगी, आज साबन न्हाय. बग की हातात घिऊन. वास घे पायजे तर. त्या दिशी साबनाची वडी कव्हरात घालून तुला दुरुस्तीला दिली ती वायली गोष्ट— तू बी शाना, चष्मा लावून इस्क्रू शोदाय लागलास तवा मलाच तुजी दया आली— पन ह्यो फोन हाय, खरा, चालू, काचंला तडा बी न्हाय. दुरुस्त करायचं काय न्हाय त्यात. नुसतं येक आयकायचंय. म्हंजी म्या आयकलंय, लई येळा आयकलंय, कळत न्हाय. ती आमच्या गल्लीतल्या अंबुबाईची नात म्हनली, दुसऱ्याची भाषा आपल्या मराठीत करून दावायचं कायतरी आसतंय फोनमदी, शिवयोगीमामाला येतंय. येतंय न्हवं? मंग झालं. हितं बग, ह्या हिरव्या चौकोनात, त्येचा फोटू हाय, त्येच्या खाली त्यो आवाज— थांब. दाबू नगं. आदी माजं आयक. मानूस कोन ह्ये ठावं न्हाय आन त्येचं बोलनं कसं कळंल तुला? गिऱ्हाईक तर कोन दिसंना. बस जरा. त्यो पंखा हिकडं कर.

मी श्रीलंकंला गेलते, ठावं हाय न्हवं? आं, हासतोस कशाला, इमानात बसल्याला फोटू हाय माजा, तोंडात आवळा धरल्याला. आपल्या इहारातल्या समद्या बाया गेलो व्हतो, नागूबाई धरून. बुद्धभूषण सरांनी नेलं— इहाराचं समदं तेच बगत्यात, मानूस चांगला, पन पोरं हाकल्यावानी बायांला हाकतोय. तेनी सांगितलं, समद्यांनी पांढरं लुगडं निळ्या काठाचं न्हेसायचं, गळ्यात कार्ड घालायचं, आन गर्दीत चुकली कोन तर भ्यायचं न्हाय, पांढरं दिसंल तिकडं जायचं, आपलीच मानसं. बरूबरच हाय की. हितं सोलापुरात जयंतीला काय, इहारात काय, पांढरं दिसलं की आपलंच. आमी जलमभर तसंच वळखत आलोय. तितं त्या मोट्या बोधीच्या झाडापाशी गेलो तर नेमकी पुनव. आन त्या देशात पुनवंला काय करत्यात म्हाईत हाय? समदा देश पांढरं घालतोय. बाया, बापय, ल्हानगी पोरं, पोलिस सोडून समदं पांढरं. म्या झाडाखाली डोळं मिटून बसले, उटले, बगितलं— पांढरं चाललंय म्होरं. म्हनलं आपलीच. गेले त्येंच्या मागनं. बसमदी चढल्या, मी बी चढले. खिडकीची जागा गावली, नागूबाई दिसंना, म्हनलं आसंल मागं वकत, तिला गाडी लागती. गार वारं लागलं, डोळा लागला माजा. उटून बगती तर बाजूची म्हातारी पान चगळत माज्याकडं बगून हासतीया, आन तिच्या लुगड्याला काठ न्हाय. कुनाच्याच लुगड्याला निळा काठ न्हाय.

आन आमची बस? गेली की तीबी. मानसं मोजली न्हाईत का? मोजली. येक कमी आली. नागूबाई काय म्हनली ठावं हाय? म्हनली, आसंल सीटामागं दडून, सोडा गाडी, निगंल आपसूक. का तर आदल्या दिशी म्या खरंच दडले व्हते. नुसती गंमत. सर घामानं भिजल्यालं आन मी सीटाखाली तोंडात पदर कोंबून. मंग दुसऱ्या दिशी कोन धरतंय खरं? मी म्हनती, नागूबाईचं काय चुकलं? काय बी न्हाय चुकलं. 

त्या बाया येका फाट्यावर उतरल्या, मी बी उतरले. त्या आपापल्या वाटंनं गेल्या. मी हुबी. आता बग, आमचं मालक कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात व्हते, धोंडिराम, तू बगितलं न्हाईस त्येंला— तर कुर्डुवाडीला गाडी चुकायची सवं हाय मला. गाडी चुकली की बाकड्यावर बसायचं, च्या प्यायचा, कुनाच्या तरी गठुड्याची गाठ सोडून ठिवायची, येळ जातोय, दुसरी गाडी येती. पाटी बी वाचाय येती, तिसरीपातूर शाळा झालीया माजी. तितं पाटीकडं बगितलं तर समदी गोल गोल अक्षरं, कुनीतरी ऊनात कुरडया घातल्यावानी. येक न्हाय कळलं. पिशवी आमच्या बसमदी, फोन पिशवीत. मला वाटलं हितंच बसायचं आता, हितंच मरायचं, आन मेल्यावर बी नागूबाई म्हननार, नाटक करतीया, हलवून बगा तिला.

तवा ह्यो आला. बंडू. नाव बंदुल का कायतरी हाय त्येचं, म्या बंडू केलं. रिक्षा आपल्यासारकीच, पन लाल. मागं येक पोरगी, पांढरा फ्रॉक, दोन येन्या, मांडीवर फुलाचं ताट. त्यो कायतर इचारतोय, मी म्हनती सोलापूर. त्यो म्हनतोय आं? मी म्हनती सोलापूर, सोलापूर, जरा मोट्यानं— मोट्यानं बोललं की कळतंय आसं वाटतंय मानसाला. मंग म्हनलं इंडिया. तवा हासला आन सीटावर हात आपटला, बस म्हनून. बसले की. न बसून सांगती कुनाला? रिक्षा चालली झाडीतनं आन मनात आलं, ह्यो नेऊन इकतोय का काय मला, मंग म्हनलं ह्या वयात मला घेनार कोन, आन घेतलंच तर आठ दिसात परत आनून घालंल. तरी भ्या जाईना. म्हनून आपलं त्रिशरण म्हनाय लागले, बारीक आवाजात. आन शिवयोगी, काय सांगू तुला, त्यो म्होरनं, गाडी चालवत, तेच म्हनाय लागला. तेच. शब्दाला शब्द. पोरगी बी म्हनाय लागली, फुलाचं ताट धरून. मी थांबले तर त्यो म्होरला शबुद म्हनतोय, त्यो थांबला की मी. पंचशील सुरू केलं. खोटं बोलनार न्हाय म्हनायच्या वळीला माजा आवाज नेमीच बारीक हुतोय, तितं बी झाला. आन दारूच्या वळीला त्येचा झाला. म्या मागनं त्येच्या खांद्याला बोट लावलं, हाताचा आंगठा तोंडाला लावून दावला— काय बंडू? तसा लाजला बग, कान लाल. पोरगी हासून हासून लोळाय लागली. त्येच्या म्होरं मला भ्या वाटलं न्हाय.

त्येनं घरी नेलं आदी. कार्डावर सरांचा नंबर, तितनं फोन लावला, सर त्येच्याशी विंग्रजीत बोललं आन मंग मला म्हनले, मावशी, तुमाला गाडीत बांदून ठिवायला पायजे. मुक्कामाला रिक्षानं सोडतो म्हनला बंडू. पन जेवल्याबिगर त्येची आई सोडंना. अम्मा म्हनत्यात तिला. माज्याच वयाची, माज्याच आंगाची, दात माज्यापरीस कमी. तिनं भात वाडला, खोबऱ्याचं कालवन, आन येक मिरची मधूमद ठिवली, आन बसली माज्या तोंडाकडं बगत. म्या ती मिरची आख्खी खाल्ली, डोळ्यातनं पानी न काडता. सोलापूरची हाय म्हनलं मी. तशी ती उटली, माज्या पाटीत येक बुक्की घातली. झालं, तितनंच आमचं जमलं. बोलायला येक शबुद न्हाय. ती तिचं बोलती, मी माजं बोलती. बंडूची बायकू गेलीया रं, पोरगी ल्हान आसतानाच, भितीवर फोटू व्हता तिचा हाराचा. त्ये तिगंच घरात. आन निगाया झालं तर माजी चप्पल न्हाय. नवी, त्या सहलीसाटी घेतल्याली, चांबड्याची. आंगनात सोद, न्हानीपाशी सोद, बंडू सोदतोय, संदली सोदतीया— संदली त्या पोरीचं नाव— आन म्हातारी उंबऱ्यात बसून गुमान शेंगा सोलतीया. म्या तिच्या तोंडाकडं बगितलं आन मला कळलं. चोराची वळख चोराला नसती व्हय? म्या काय केलं, तिच्या रबरी चपला पायात घातल्या आन बसले रिक्षात. तिला वाटलं मी हात जोडंन, चप्पल मागंन. मी कुटली मागती. रिक्षा हलली तशी ती आंगनात हुबी राहून आशी हासली, आशी हासली. ह्या बग. ह्याच की पायातल्या. निळ्या. टाच झिजलीया, पन टाकवत न्हाय.

तवापसनं दर पुनवंला त्येचा फोन येतोय. तोंड दिसायचा फोन. मी मेनबत्ती लावून बसती, तिकडं ती तिगं बसत्यात, आन आमी पंचशील म्हनतो. दुसरं काय बोलनार? तेवडंच येतंय दोनीकडं. म्हनून झालं की साधु साधु साधु. मंग म्हातारी काय करती— माजी चप्पल काडती कुटनं तरी आन फोनम्होरं नाचवती. मी माजा पाय वर करून तिची दावती. संदली मला आच्ची म्हनती, म्हंजी आज्जी, म्हनून बंडू बी आच्चीच म्हनतोय. पोरीला दुव म्हनतोय, लेक म्हंजी. तेवडे शबुद शिकले मी. महिन्यातनं येक दीस रं. म्हंजी त्या दिवसासाटी मी लुगडं धुऊन ठिवती, आता तुला काय सांगायचं. घरात दुसरा फोन कुनाचा येतोय? सिद्धांतचा? नातू मोटा हाय माजा, पुन्यात हाय, कामात आसतोय. त्येचं बी बरूबर हाय. गेल्या वर्सी म्या त्येला रडून फोन केला, मला पोलिसांनी धरलंय म्हनलं, लवकर ये. आलं पोरगं इंदरायनीनं धापा टाकत, दारात बगतंय तर मी पुरन वाटतीया. आता त्याबिगर त्यो आला नसता, काय करू? पुरनपोळी पुन्याला धाडू? त्यो जेवला न्हाय. पान्याचा तांब्या बी तसाच. उलट्या पावली गेला टेसनावर. मला वाटलं हासंल.

जाऊ दे ते. कुटं व्हते मी— पुनव. गेल्या महिन्यातल्या पुनवंला फोन आला तवा पोरगी बसली न्हवती. मागं खाटंवर निजल्याली. कपाळावर वला फडका. बंडूनं हात लावून दावलं, ताप हाय. म्हातारी बसलीवती म्होरं, चप्पल नाचवली तिनं, पन आपलं उगं नाचवायची म्हनून. मागं सारकं वळून बगती. मी काय सांगू? हळद दूद द्या म्हनू? दवाखान्यात न्या म्हनू? बोटानं केलं आसं आसं, सुई टोचल्यावानी. बंडूनं मान हालवली, व्हय म्हनला का न्हाय म्हनला, त्येंची मान बी आपल्यासारकी हालत न्हाय. मंग महिनाभर मी काय करनार हितं बसून?

आन ह्या पुनवंला फोन आलाच न्हाय. मी मेनबत्ती लावून बसले, मेनबत्ती इजली, दुसरी लावली. म्हनलं रेंज नसंल. सकाळी बगती तर ह्यो आवाज आलेला. येकटा आवाज, तोंड न्हाय. लांबलचक. बंडू बोलतोय, थांबतोय, नाक वडतोय, परत बोलतोय. मला येक अक्षर कळंना. अम्मा येतंय मदी. दुव बी येतंय. दोनी बी येत्यात, फिरून फिरून येत्यात. आन मंग मदीच त्यो थांबला आन गाथा म्हनाय लागला. ती कळली मला, शिवयोगी. अनिच्चा म्हनून सुरू हुती ती. ती आपल्या गल्लीत कवा म्हनत्यात? कुनी गेलं की म्हनत्यात. आमच्या मालकांच्या येळंला म्हनली, लेकाच्या येळंला म्हनली, मला उलटी म्हनाय सांगितली तरी म्हनंन. दुसरं काय बी कळलं न्हाय त्येचं, तेवडंच कळलं. कोनतरी गेलंय त्येच्या घरातलं. कोन, ते कळंना.

म्या फोन केला की रं त्येला. न्हाय कसं. लगीच केला. उचलला त्येनं. म्या म्हनलं, बंडू. त्यो म्हनला, आच्ची. झालं. त्येच्या म्होरं काय बोलू? कोन गेलं ह्ये कसं इचारू? म्या म्हनलं संदली? आसं नुसतं नाव घेतलं, तर त्यो लई काय काय बोलला, घडाघडा, आन रडला, आन मला त्यातलं काय घ्यावं न्हाय काय सोडावं कळंना. अम्मा म्हनलं, तर परत रडला. मी बी रडले. फोन धरून दोगं रडत बसलो, कोन गेलंय ह्ये म्हाईत नसताना रडायचं म्हंजी बग. मंग आवाजच गेला.

तशी उटले आन अंबुबाईकडं गेले, ती तेलगू बोलती म्हनून. म्हनलं साऊथची भाषा हाय, तुला कळंल, आयक. तिनं कानाला लावला, म्हनली आक्का, ही आमची न्हवं. मंग तिचा मालक आला चादरीच्या मागावरनं उटून, त्येला बी कळंना. कानडीवाली येक हाय गल्लीत, तिला बी आयकवलं. मंग सिद्धांतला लावला. म्या म्हनलं, बाळा, माज्या वळखीचं कोनतरी गेलंय आन कोन ते कळंना. त्यो म्हनला, आज्जे, पुरं आता, मी मीटिंगमदी हाय, ह्या येळंला मी यीत नसतोय. खरं रडत व्हते रं मी. पन माजं खरं रडनं आन खोटं रडनं येकसारकंच आयकू येत आसंल. त्येनं तरी कसं वळकायचं?

तुला बी मगापसनं वाटतंय की काय गंमत करती म्हातारी. दिसतंय मला. सारका कव्हर उलटंपालटं करतोयस. आज गंमत न्हाय रं. आज कुटं दडावं ते बी सुचंना मला.

म्या तुला आदीच दाबू दिलं न्हाय ते येवड्यासाटीच. तू दाबलंस की कळनार. जवर दाबत न्हाईस तवर दोगी बी हाईत. आसं करून कालचा दीस काडला म्या. फोन पिटाच्या डब्यात ठिवला व्हता काल. इहारात गेले, चटईवर बसले, डोळं मिटलं, आन मनात काय आलं सांगू? मनात आलं, गेल्याली म्हातारी आसू दे. मंग म्हनलं हळूच, तोंडानं— म्हातारी आसू दे, पोरगी नगं. आमचं काय, आमी पिकल्याली, आज न्हाय उद्या. पोरगीची येनी बी अजून धड हुत न्हाय तिला येकटीला. आमच्यात काय नवसाबिवसाचं न्हाय, कुनाकडं मागायचं न्हाय, पन मागितलं म्या. कुनाकडं मागितलं देव जानं— बग, देव बी म्हनलं. आन उटल्यावर ध्यानात आलं, म्या काय मागितलं ते. जिनं मला पाटीत बुक्की घातली तिला मर म्हनलं म्या. माज्यासारकी येक गावली व्हती ह्या वयात, समुद्राच्या पल्ल्याड का हुईना.

दाब. दाब आता. आवाज नगं त्येचा, त्यो बारीक कर. नुसतं काय लिवून येतंय ते बग. आलं? मराठीत आलं? मला नगं दावू, मला येवडं बारीक वाचाय येत न्हाय. तू वाच. मोट्यानं नगं. मनातल्या मनात वाच, समदं, मी भाईर रस्त्याकडं बगती.

…झालं? तोंड का तसं केलंस? न्हाय, सांगू नगं. थांब. येवडंच सांग— थोरलं का ल्हान? तोंडानं नगं. हातानं दाव. थोरलं आसंल तर हात वर कर, ल्हान आसंल तर—

थोरलं.

बरं.

पोरगी बरी हाय? तसं लिवलंय? वाच परत. ताप उतरला, शाळंला जाती. म्हंजी तिच्यापायी दुव दुव म्हनत व्हता. तिला सांबाळायला आता कोन न्हाय म्हनतोय— व्हय, ते बी हायच की. बरं झालं पोरगी उटली. लई बरं झालं. 

बरं झालं म्हनती बग मी. म्या मागितलं आन गावलं. हातात आल्यावर आता कुटं ठिवू ते?

अजून काय लिवलंय? चपलीचं? काय चपलीचं? …वाच की नीट. तापानं पडल्याल्या म्हातारीला धरून आंगन दावलं शेवटच्या दिशी, ते झालं वाचून. त्येच्या म्होरचं वाच. माजी चप्पल कुटंच गावंना, समदं घर सोदलं… तांदळाच्या कनगीत गावली. तिनंच दडवलीवती. कदी? पडून आसताना? पडून आसताना उटली आन चप्पल दडवली.

कुनापसनं रं? मी तर हितं व्हते.

परत धाडू का म्हनून इचारतोय व्हय. न्हाय. न्हाय म्हनून सांग. न्हाय, तू नगं सांगू, मीच सांगती. तुज्या त्या फोनमदल्या बाईला बी नगं लावू माजं बोलनं त्येच्या भाषेत करायला, तिचा आवाज आयकून बिचकंल पोरगं. आमचं आमी बोलतो. गाथा तर त्येला बी येती, मला बी येती. कुटं दाबायचं दाव. हितं? दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. बरं.

आता तू भाईर हो. दुकान तुजं हाय, म्हाईत हाय मला. तुजी कुटली वस्तू नेत न्हाय मी, आन काय दडवत बी न्हाय. हो म्हनले न्हवं. तितं च्याच्या गाड्यावर हुबा ऱ्हा जरा. शटर निम्मं वड. आन काचंतनं बगायचं न्हाय.

गेलास?

बंडू—